गोदावरीत मासा दिसत नाही, लागतो

आमच्या टीममधले निम्मे लोक एव्हाना तारकर्लीला जाऊन स्कूबा डायव्हिंग करून आलेत. उरलेल्यांपैकी दोघांनी तर अंदमान गाठलंय. सोमवारी सकाळी मीटिंग सुरू व्हायच्या आधी फोटो फिरतात. निळं पाणी, पिवळे-काळे मासे आणि अंगठा वर केलेले आमचे गडी. (पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे ‘झकास’ नव्हे, ‘मला वर न्या’. इन्स्ट्रक्टर बिचारा दर फोटोला दचकत असेल.) सुंदर असतं सगळं, वादच नाही. पण मला दर वेळी एक प्रश्न पडतो. हे सगळे बुडी मारायला समुद्रातच का जातात? यातला एकही समुद्राकाठचा नाही. एक कराडचा, एक नाशिकचा, एक पैठणचा आणि मी अर्धापूरचा. म्हणजे सगळे नदीवाले. आपल्या नदीच्या तळाशी काय आहे, हे एकदा बघावंसं आम्हाला का वाटत नाही?

उत्तर सोपं आहे म्हणा. तिथं काही दिसत नाही.

मी पोहायला शिकलो तो विहिरीत. अर्धापूर म्हणजे केळी, आणि केळी म्हणजे पाणी. ईसापूरच्या कॅनॉलमुळे आमच्याकडच्या विहिरी उन्हाळ्यातसुद्धा बऱ्यापैकी भरलेल्या असायच्या. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा आणि मामानं कठड्यावरून ढकलून द्यायचं, झाला कोर्स पूर्ण. मग मुटका, मग सूर, आणि सगळ्यात मानाचं काम म्हणजे तळाचा गाळ काढून आणणं. बुडी मारायची, कान दुखेपर्यंत खाली जायचं आणि मूठभर काळा गाळ वर आणून सगळ्यांना दाखवायचा. खाली डोळे उघडे ठेवले तरी हिरवा अंधार. त्या अंधारात एकदा माझ्या पोटरीला काहीतरी घासून गेलं. गुळगुळीत, जड, आणि जायला बराच वेळ लागला. म्हणजे लांबीला चांगलंच असणार. मी गाळ-बिळ सोडून रॉकेटसारखा वर.

मामा पायऱ्यांवर बसून बिडी ओढत होता. म्हणाला, "मरळ हाय ती. पिल्लं काढल्यात तिनं. त्या कोपऱ्यात जाऊ नको लेकरा, धडक मारती."

पुढे वाचल्यावर कळलं की मामाचं शंभर टक्के बरोबर होतं. मरळ पिल्लांची राखण करते, नर-मादी दोघंही. तांबूस पिल्लांचा घोळका वर तरंगत असतो आणि आई-बाप खाली पहाऱ्यावर. मोठी मरळ तीन फुटांच्या पुढे जाते. माझीवाली किती होती ते विचारू नका. मास्क लावून पाण्यात बघितलं तर कुठलीही वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी दिसते, तो प्रकाशाच्या वक्रीभवनाचा हिशोब आहे. मास्क न लावता, डोळे मिटून, पोटरीनं बघितलं तर किती मोठी दिसते याचं सूत्र अजून निघालेलं नाही.

तर सांगायचा मुद्दा असा, की समुद्रात मासा दिसतो आणि आमच्या गोदावरीत, आसनेत, विहिरीत मासा लागतो. दिसत नाही म्हणून त्याचे फोटो नाहीत. फोटो नाहीत म्हणून तो कमी झाला, संपला, तरी कोणाच्या लक्षात येत नाही. वाघ कमी झाले की पेपरात आकडे येतात. नदीतला पाच फुटी मासा नाहीसा झाला तर त्याची नोंद फक्त एखाद्या म्हाताऱ्या भोयाच्या डोक्यात असते, आणि त्याला कोणी विचारायला जात नाही.

आता तुम्ही म्हणाल, पाच फुटी? नदीत? काहीतरीच!

जेरेमी वेड नावाचा एक ब्रिटिश गळवाला आहे. ‘रिव्हर मॉन्स्टर्स’ ही त्याची मालिका २००९ पासून टीव्हीवर यायला लागली, तुमच्यापैकी अनेकांनी बघितली असेल. उत्तराखंडात नेपाळच्या सीमेवर काली नदी आहे. तिथं १९९८ ते २००७ या काळात नदीत उतरलेली काही माणसं पाण्यात ओढली गेली, आणि लोक म्हणायला लागले की हे काम माशाचं आहे. हा बाबा तिथं गेला आणि नुसता गळ टाकून न बसता स्वतः पाण्यात उतरला. खाली त्याला गूंच मासे दिसले, एक-दोन नाही, सहा. त्यातला एक तर माणसाएवढा. नंतर त्यानं गळाला लावलेला गूंच सुमारे ७५ किलोचा आणि जवळजवळ सहा फूट लांब निघाला. माणसं खरंच त्यानंच ओढली का, हे काही सिद्ध झालेलं नाही, आणि मला त्यात फारसा रसही नाही. (टीव्हीवाल्यांना होता.) मला रस आहे तो वेगळ्याच गोष्टीत.

गूंच हा हिमालयातला कोणी परका राक्षस नाही. तो आपल्या पुण्याचा आहे.

ईस्ट इंडिया कंपनीत कर्नल विल्यम हेन्री साइक्स नावाचा अधिकारी होता. दख्खनची सगळी मोजदाद करायचं काम त्याच्याकडे होतं. पिकं, माणसं, पाऊस मोजता मोजता या गृहस्थानं मासेही मोजले, आणि १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर निबंध लिहिला. त्यात पुण्याच्या मुळा-मुठेतल्या एका मोठ्या माशाचं वर्णन करून त्याला यारेल नावाच्या इंग्रज निसर्गअभ्यासकाचं नाव दिलं. तो मासा म्हणजे गूंचचाच भाऊबंद, एकाच वंशातला. साइक्सची आणखी एक गंमत म्हणजे बऱ्याच माशांना त्यानं शास्त्रीय नावं देताना सरळ इथल्या कोळ्यांची नावं उचलली. खुद्री, कोळस, नुकता, पोटेल. हे शब्द आज जगभरच्या शास्त्रज्ञांच्या यादीत लॅटिनच्या शेजारी बसलेत. आणि ज्या पुण्यात ते मासे सापडले, तिथल्या कोणाही आयटीवाल्याला त्यातला एकही शब्द माहीत नाही. संगम पुलावरून कधी खाली बघा. बघण्याआधी गाडीच्या काचा वर करा.

असो. आता खरा प्रश्न. आपल्या नद्या पावसाळी. हिमालयातल्यासारखा बर्फ वितळून उन्हाळ्यात पाणी येईल अशी इथं सोय नाही. एप्रिल-मे मध्ये गोदावरीचं नांदेडच्या आसपासचं जुनं रूप आठवा, किंवा घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. वाळूचा पट्टा, मधून एक चिंचोळी धार, तीही कुठं कुठं तुटलेली. अशा नदीत पाच फुटी मासा जगायचा कसा? चार महिने पाणी आणि आठ महिने वाळू, या हिशोबात इतकं वाढायला लागणारी वर्षं त्याला मिळायची कुठून?

डोहातून. नदीच्या वळणावर, कातळाच्या पायथ्याशी पुराच्या पाण्यानं शेकडो वर्षं खरवडून केलेली खोल जागा म्हणजे डोह. बाकीची नदी आटली तरी तिथं दोन पुरुष, चार पुरुष पाणी राहतं. खाली थंड, कपारींनी भरलेलं. उन्हाळ्यात आसपासच्या दहा-दहा मैलांतले मोठे मासे तिथं गोळा व्हायचे आणि पहिल्या पुराबरोबर परत नदीभर पांगायचे. आमच्या भाषेत सांगायचं तर डोह म्हणजे नदीचा बॅकअप. सर्व्हर दर वर्षी कोसळणार हे गृहीत धरलेलं, आणि जूनमध्ये तिथूनच सगळं रिस्टोअर व्हायचं.

डोहाचं हे महत्त्व फक्त आपल्याकडचं नाही. जून २०२२ मध्ये कंबोडियात मेकाँग नदीत ३०० किलोचा पाकट सापडला. जगात नोंद झालेला गोड्या पाण्यातला सगळ्यात मोठा मासा. शास्त्रज्ञांनी त्याला खूण करून परत सोडून दिलं. तो सापडला त्या भागात नदीला सत्तर मीटरहून खोल डोह आहेत. उलट चीनच्या यांगत्से नदीत लांब चोचीचा एक प्रचंड मासा होता. १९८१ मध्ये धरणानं नदी अडवली आणि त्याची अंडी घालायला वर जायची वाट बंद झाली. २००३ नंतर तो कोणाला दिसला नाही, आणि २०२२ मध्ये त्याला अधिकृतपणे नामशेष जाहीर केलं. २०१९ च्या एका अभ्यासात, तीस किलोच्या वर वाढणाऱ्या नदी-तळ्यांतल्या प्राण्यांची संख्या जगभरात १९७० ते २०१२ या काळात ८८ टक्क्यांनी घटलेली आढळली. नुसते मासे घेतले तर ९४ टक्के. ही माझ्या मते वाघापेक्षा मोठी बातमी आहे. पण सांगितलं ना, दिसत नाही.

आपल्या लोकांना डोहाची किंमत कळत होती का? शास्त्र म्हणून नसेल, पण भीती म्हणून नक्की. डोहात साती आसरा असतात, दुपारच्या वेळी तिकडं फिरकायचं नाही, हे आम्ही सगळे ऐकत मोठे झालो. कालियाचा डोह, तुकोबांच्या गाथा बुडवल्या तो इंद्रायणीचा डोह. आपल्या कथांमधला डोह कधीच साधासुधा नसतो. या भीतीचा एक उपयोग आजही डोळ्यांनी बघता येतो. महाडजवळ बिरवाडीच्या पुढं काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. काठावर वरदायिनी देवीचं ठाणं. डोहातले मासे देवीचे, म्हणून कोणी धरत नाही. कुरमुरे टाकले की खालच्या काळ्या पाण्यातून हातभर लांबीचे महाशीर वर येतात, एकमेकांच्या अंगावरून उड्या मारतात. वाड्याजवळ तिळशाला वैतरणेत, शंकराच्या देवळाखाली, हाच प्रकार. मी देवभोळा माणूस नाही, नवसाची बातही नको. पण मत्स्यालय सोडून महाराष्ट्रात मोठा नदीचा मासा नजरेला पडायची खात्री असलेल्या जागा मला माहीत आहेत त्या या दोन, आणि दोन्हीकडे देवाचा पहारा आहे, यातून काहीतरी घेण्यासारखं आहे की नाही? तिथं कोणी मत्स्यबीज सोडलं नाही की योजना राबवली नाही. डोह होता, त्यात जाळं टाकलं नाही. बास.

आता परत नांदेडला येऊ. आज आमच्या गोदावरीत सगळ्यात जास्त बुड्या कोण मारतं, माहीत आहे? वाळू काढणारे मजूर. नदीत तराफे सोडलेले असतात. त्यावरून मजूर टोपली नाहीतर बादली घेऊन बुडी मारतो, तळाची वाळू भरतो, वर येतो, तराफ्यावर ओततो, परत खाली. दिवसभर. ना मास्क, ना सिलिंडर. तारकर्लीत आमचे गडी वीस मिनिटांसाठी पैसे मोजतात, इथं माणूस मजुरीसाठी दिवसभर जीव टांगणीला लावतो. महसूल खात्याचं पथक येतं, तराफे जप्त करतं, जाळतं, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. काही दिवसांत नवे तराफे. आणि जिथं सक्शन पंप लागतो तिथं तर बुडी मारायचीही गरज नाही.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा ओळखीच्या एका भोईकाकांना विचारलं, पूर्वी खाली पाय लागायचे तसे मोठे मासे अजून लागतात का? काका म्हणाले, "खाली राहायला जागा कुठं हाय बापा? कपारीच बुजल्या."

इथं एक इंजिनिअर डोकं लगेच वाद घालेल. माझ्या रूममेटनं घातलाच. वाळू काढली की खड्डा पडतो, खड्ड्यात पाणी साठतं, म्हणजे आयता डोह तयार झाला की! मग तक्रार कसली? दिसायला बिनतोड, पण चूक. खरा डोह पुरानं कातळाला धडकून केलेला असतो. त्याच्या भिंती घट्ट, तळाशी धोंडे, आडोसे. वाळूचा खड्डा म्हणजे सैल मातीतलं भोक. काठ ढासळतात, तळाशी चिखल बसतो. शिवाय नदी खड्डा भरून काढायला वरच्या बाजूनं वाळू ओढते, वरचं पात्र खचत जातं, आणि सुटलेला गाळ जाऊन बसतो तो नेमका खऱ्या डोहात. म्हणजे नवा खोटा डोह तयार होतो आणि जुना खरा बुजतो. या खोट्या डोहात मासा वाढत नाही, पोरं मात्र बुडतात. गुडघाभर पाणी समजून उतरलेलं पोर पुढच्या पावलाला गायब, अशी बातमी मराठवाड्यात दर उन्हाळ्यात एकदा तरी येतेच.

दुसरा वाद धरणाचा. विष्णुपुरीच्या मागं एवढं पाणी अडवलंय, वर जायकवाडीचा तर समुद्र आहे, मग मोठ्या माशांना काय कमी? कटल्याला काहीच कमी नाही. साचलेल्या पाण्यात तो मजेत वाढतो, बाजारातही येतो. पण गूंच, महाशीर ही वाहत्या पाण्याची मंडळी. त्यांना खळाळ लागतो, स्वच्छ गोटे लागतात आणि पुरात वर चढायला मोकळी वाट लागते. वाटेवरून आठवलं. बाभळी बंधाऱ्याच्या भांडणात २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं आदेश दिला की दर वर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे. नांदेडात त्यावर अजूनही लोक चिडतात, आणि पाण्याच्या बाजूनं बघितलं तर रागही समजण्यासारखा आहे. पण नेमका तोच काळ नदीतल्या माशांचा वर चढायचा. दोन राज्यांच्या वकिलांनी एवढी वर्षं युक्तिवाद केले, त्यात माशाचं नाव कोणी घेतलं असेल असं वाटत नाही, आणि तरी निकालात फुकटात त्याचंच काम झालं. निदान त्या एका बंधाऱ्यापुरतं.

मग ‘मासे कमी झाले ना, मग हॅचरीतून सोडा’ हा तिसरा मार्ग. सरकारला आणि कंपन्यांना हा फार आवडतो, कारण यात फोटो निघतो. बादली वाकडी करताना साहेब, मागे बॅनर. या मार्गाचं काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच लोणावळ्यातून निघालंय. टाटांच्या वळवण धरणावर १९७० च्या दशकात महाशीरचं कृत्रिम प्रजनन यशस्वी झालं. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांचं ते काम, आणि ते मोठंच होतं. लाखोंनी पिल्लं तयार झाली, देशभर गेली. त्यातली काही कर्नाटकात कावेरीत सोडली. कावेरीत तिचा स्वतःचा एक महाशीर होता, पाठीला कुबड असलेला. १९४६ मध्ये काबिनीत गळाला लागलेला १२० पौंडांचा महाशीर आजही विक्रम म्हणून सांगतात. लोणावळ्याचा निळसर परांचा महाशीर तिथं झपाट्यानं वाढला आणि कुबडवाला नाहीसा होत गेला. गळवाल्यांच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदींतून हे स्पष्ट दिसलं. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी शेवटी त्या कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख पक्की केली, त्याला नाव मिळालं, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. म्हणजे जन्मदाखला आणि आयसीयूचा कागद एकदमच.

यात लोणावळ्याच्या लोकांना दोष द्यायचा नाही. त्या काळी हे कोणालाच माहीत नव्हतं. पण आज माहीत असताना पुन्हा बादल्या ओतायच्या असतील तर मात्र बोलायला हवं. ज्या नदीत डोह उरलेला नाही तिथं पिल्लं सोडणं म्हणजे रॅम नसलेल्या मशीनवर पुन्हा पुन्हा सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणं आहे.

मला कोणी विचारलेलं नाही, पण ब्लॉग माझा आहे म्हणून सांगतो. वाळू बंद करा असं मी म्हणत नाही. लोकांना घरं बांधायचीत, आमच्या अर्धापुरातही बांधकामं चालूच आहेत. पुण्यात बहुतेक ठिकाणी आता दगडाचा चुराच वापरतात, तिकडंही हळूहळू येईल. २०२३ च्या धोरणात सरकारनं ६०० रुपये ब्रासनं वाळू द्यायचं ठरवलं, २०२५ मध्ये ते धोरण बदललं, पुढं आणखी बदलेल. भाव काय ठेवायचा तो ठेवा. माझं म्हणणं फक्त डोहांपुरतं आहे. प्रत्येक तालुक्यात मे महिन्यात पाणी टिकवणारे किती डोह असतील? दोन, चार, फार तर दहा. तेवढ्या जागा आणि त्यांच्या वरखालचं थोडं पात्र वाळूतून आणि जाळ्यातून वगळायचं. देवी नसेल तिथं देवीचं काम तहसीलदारानं करायचं.

यासाठी नवीन खातं, नवीन समिती वगैरे काही लागत नाही. २०१६ च्या केंद्राच्या अधिसूचनेपासून प्रत्येक जिल्ह्याला वाळूचा सर्वेक्षण अहवाल करावाच लागतो. त्यात घाटांचे तक्ते असतात. गावाचं नाव, गट नंबर, लांबी, रुंदी, खोली, किती ब्रास. सगळं मोजलेलं. त्या तक्त्यात एक रकाना वाढवायचा, ‘मे महिन्यात पाणी राहणारा डोह आहे का, किती पुरुष’, आणि तो भरायला गावातल्या भोयाला सोबत घ्यायचं. हो असेल तर तो घाट लिलावातून बाद. आमच्या धंद्यात याला एक फील्ड वाढवणं म्हणतात. अर्ध्या दिवसाचं काम आहे, टेस्टिंग धरून एक दिवस.